२००२ ची बुलेट, सांगली पासिंग: जुन्या गाडीच्या एका व्यवहाराचं प्रकरण

नाव, गल्ली आणि गाडीचा नंबर मुद्दाम गाळलाय, बाकी जसं घडलं तसं लिहितोय.

पार्श्वभूमी

माझा मावसभाऊ कुपवाड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे, वय २६. रोजचं जाणं-येणं धरून अठरा-वीस किलोमीटर, त्याला घरची जुनी १०० सीसी गाडी पुरते, पण त्याला बुलेटच हवी होती आणि तीही जुनी, उजव्या पायात गिअर असलेली. ओव्हरटाईम करून त्याने ९०,००० साठवले होते. त्यातच गाडी, त्यातच काम, त्यातच कागद, कर्ज एक रुपयाचं काढायचं नाही असा मावशीला शब्द दिलेला. हा आकडा आधीच सांगतोय कारण पुढचा प्रत्येक निर्णय याच्याभोवती फिरलाय.

ज्यांना या गाड्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सीआय (कास्ट आयर्न) बुलेट म्हणजे बिडाचा सिलिंडर, ३४६ सीसी, ७० बाय ९० चा बोअर-स्ट्रोक, इंजिन वेगळं गिअरबॉक्स वेगळा, चार गिअर, पहिला वर आणि बाकी तीन खाली, पॉइंटवरचं इग्निशन, फक्त किक. २०१० च्या सुमाराला हे इंजिन बंद होऊन नवीन बांधणीचं आलं, म्हणजे आज बाजारात दिसणारी प्रत्येक सीआय गाडी वयस्कर आहे आणि तिचं १५ वर्षांचं पहिलं रजिस्ट्रेशन संपून गेलंय किंवा रिन्यूअलवर चाललंय. हे लक्षात न घेता लोक फक्त आवाज ऐकून पैसे काढतात.

त्याने दोन गाड्या शोधल्या होत्या. एक मिरजेत, २००४ ची, मालक स्वतः समोर, रिन्यूअल झालेलं, विमा चालू, किंमत ९५,००० आणि एक रुपया कमी नाही. ती त्याने महाग म्हणून सोडली. दुसरी सांगलीतली २००२ ची, सांगायला ८५,००० पण "बसून बोलू". ही गोष्ट दुसरीची.

पहिली भेट

जानेवारी २०२४, संध्याकाळी सात वाजता कामावरून सुटून तो एकटाच गेला. मी नव्हतो, त्याने रात्री फोनवर सांगितलं ते असं: गाडी दारात काढून ठेवलेली, एका किकमध्ये चालू झाली, आवाज एकदम कडक, टाकी चकचकीत, सोनेरी पट्ट्या नवीन मारलेल्या. विकणारा तिशीतला मुलगा, म्हणाला पप्पांची गाडी आहे, सिंगल ओनर, लई जपून वापरली, मीटरवर ४१,००० किलोमीटर. "अजून दोघं येणार हायत उद्या बघायला." त्यावर याने तिथल्या तिथे ५,००० रुपये इसार म्हणून मोबाईलवरून पाठवले. पावती नाही, मेसेजमध्येही कशाचे पैसे ते लिहिलं नाही.

"दादा, इंजिन एक नंबर हाय," तो सांगत होता. मी विचारलं, तू पोचलास तेव्हा इंजिनला हात लावून बघितलास का, गरम होतं का? गरम होतं म्हणाला. मग एका किकमध्ये चालू होणारच ना बाबा. बुलेट बघायला जाताना पहिली गोष्ट हीच: इंजिन थंड पाहिजे आणि उजेड पाहिजे. गरम इंजिनात अर्धी दुखणी झाकली जातात, अंधारात उरलेली.

दुसरी भेट, मिस्त्रीला घेऊन

रविवारी सकाळी आठला आम्ही तिघं गेलो. तिसरे म्हणजे एक मिस्त्री, आयुष्यभर बुलेटशिवाय दुसऱ्या गाडीला फारसा हात न लावलेले. त्यांच्या सकाळचे ५०० रुपये ठरवले होते आणि या सगळ्या व्यवहारात त्याच्याइतका सार्थकी लागलेला खर्च दुसरा नाही. मुलाला आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका.

मिस्त्रींनी आधी सायलेन्सरवर आणि सिलिंडरवर तळहात ठेवला. थंड. मग किक खाली दाबून तिच्यावर सगळं वजन टाकून उभे राहिले. पिस्टनच्या रिंगा धड असतील तर कॉम्प्रेशन माणसाचं वजन धरून ठेवतं, किक सावकाश खाली जाते. इथे ती मऊ लोण्यासारखी गेली. आठव्या किकला गाडी चालू झाली आणि निळा धूर आला. आता धुराबद्दल एक सांगतो, कारण यावर लोक उगाच भांडतात. या इंजिनात ऑईल पंपाने फिरतं, गाडी फार दिवस उभी राहिली की ऑईल झिरपून खाली क्रँकच्या पोटात जमतं, त्यामुळे चालू केल्याबरोबर एक-दोन मिनिटं निळा धूर येणं यात वावगं काही नाही. तो जातो का राहतो ते बघायचं. इथे तो कमी झाला पण गेला नाही, आणि रेस देऊन सोडून परत दिली की भस्सकन यायचा, त्यावरून मिस्त्री म्हणाले व्हॉल्व्हचे गाईडपण गेलेत.

आवाजाचंही तसंच. थंड इंजिनात पिस्टनचा खुळखुळ येतो, गरम झाल्यावर तो कमी होतो, त्याला घाबरायचं नाही. पण मिस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्रँककेसला टेकवून मूठ कानाला लावली आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. मग एक चक्कर मारून आले, टॉप गिअरला टाकून चाळीसच्या आसपास वेग ठेवून थोडं थोडं थ्रॉटल देत. उतरल्यावर म्हणाले, खालून ठोका आहे, बारीक आहे पण आहे आणि गरम झाल्यावर वाढतोय. हा क्रँकचा ठोका. आमचा भाऊ इतका वेळ जो कडक आवाज म्हणत होता त्यात हा ठोकाही होता.

हेडला जाणाऱ्या बारीक ऑईल पाईपचा बोल्ट जरासा सैल केला, ऑईल पाझरलं, म्हणजे पंप चालू. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक धरून आडवं हलवलं, चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) बुशात खेळ. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवलं, मधोमध आल्यावर खाच लागल्यासारखं अडकत होतं, म्हणजे कोनसेट (हँडलच्या मानेतली बेअरिंग) गेलेला. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, इथे २३१४ होतं, म्हणजे टायर जवळजवळ दहा वर्षांचे, नक्षी भरपूर असली तरी रबर दगड झालेलं. मीटरची केबल चाकापाशी जोडलेलीच नव्हती, त्यामुळे ते ४१,००० किलोमीटर कधीपासूनचे देव जाणे. चासी मात्र सरळ होती, मागे उभं राहून बघितलं तर दोन्ही चाकं एका रेषेत, मानेपाशी कुठे वेल्डिंग नाही.

इथपर्यंत सगळं खर्चाचं होतं, धोक्याचं नव्हतं. प्रत्येक कामाला मिस्त्री तिथेच आकडा सांगत होते आणि मी वहीत लिहीत होतो.

मग त्यांनी लाईट लावायला सांगितली आणि हेडलाईटच्या डोक्यावरच्या अँपिअर मीटरकडे बघितलं. लाईट लावल्यावर काटा डावीकडे जायला पाहिजे, रेस दिल्यावर उजवीकडे. काटा मधोमध चिकटलेला. त्यांनी काचेवर टिचकी मारली, तरी नाही. काही न बोलता पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला, हेडलाईटच्या रिंगचा स्क्रू सोडवला आणि डूम (काच आणि आतला रिफ्लेक्टर) हातात घेतलं. आत वायरींचा गुंता, आणि गुंत्याच्या खाली, डोक्याच्या तळाला, वाळलेला गाळ. काळपट तपकिरी, इतका बारीक की बोटाने चोळल्यावर पिठासारखा रेषांत बसला. पितळी कनेक्टरांवर हिरवा थर.

सांगलीत राहणाऱ्या माणसाला तो गाळ काय आहे हे सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, आणि तेव्हा पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. हजारो गाड्या दिवसच्या दिवस पाण्याखाली होत्या, त्यातल्या कितीतरी धुवून, रंगवून नंतर विकल्या गेल्या. २०२१ च्या जुलैत परत तेच.

मुलगा म्हणाला, "ते डूम जुन्या बाजारातनं आणून बसवलंय, त्याच्यातलं असंल. आमच्या गाडीची निस्ती चाकं बुडालती." मिस्त्रींनी दोन्ही बाजूचे टूलबॉक्स उघडले, आतून धुतलेले आणि आतूनच ताजा काळा रंग दिलेला. ते मला हळूच म्हणाले, "पेटीला आतनं कोण रंग देतंय वो? पाणी बघितलेली गाडी हाय. किती बघितलंय ते इंजिन खोलल्याशिवाय सांगता यायचं न्हाई."

कागदाची अडचण

नंबर जुळवायचं काम मी केलं. चासी नंबर हँडलखाली मानेवर असतो, इंजिन नंबर क्रँककेसवर. नुसतं डोळ्याने वाचून भागत नाही. वायरब्रश आणि थोड्या रॉकेलने जागा साफ केली, पातळ कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी घासली, आकडे पांढरे उठतात. एक आकडा डोळ्याला ३ दिसत होता, छापात स्पष्ट ८ आला आणि आरसीवरही ८. आकड्यांच्या आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याच्या खुणा नाहीत, सगळे एका उंचीचे, एका ओळीत. इथे घोळ निघाला असता तर मी भावाला हाताला धरून घरी आणला असता, बाकी काहीही असो.

मोबाईलवर एम-परिवहन या सरकारी ॲपमध्ये नंबर टाकून बघितलं. बँकेचा बोजा नाही, काळ्या यादीत नाही, ई-चलान शून्य. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) पोर्टलवर चोरीची नोंद नाही. पण दोन गोष्टी निघाल्या. रजिस्ट्रेशन २०१७ ला पाच वर्षांनी वाढवलेलं आणि ते जून २०२२ ला संपलेलं, म्हणजे दीड वर्ष गाडी कागदावर बंद. विमाही नाही. आणि दुसरी, मोठी गोष्ट: मालक म्हणून वडिलांचं नाव, आणि वडील दोन-अडीच वर्षांपूर्वी वारलेले.

मुलाने आतून एक प्लास्टिकची फाईल आणली. २९ आणि ३० नंबरचे (गाडीची मालकी बदलण्याचे) फॉर्म, त्यावर वडिलांच्या सह्या. "पप्पांनी करून ठेवलेल्या. एजंट करून देतोय म्हणलाय, तारीख टाकायची निस्ती."

इथे मला सगळ्यात जास्त राग आला, मुलावर नाही, कारण त्याला खरंच यात काही चूक वाटत नव्हती. मालक वारला की त्याच्या सहीने गाडी विकली जात नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत ३१ नंबरचा फॉर्म भरून गाडी आधी स्वतःच्या नावावर करायची, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती जोडून. मग त्याने विकायची. मेलेल्या माणसाच्या सहीवर आजची तारीख टाकणं याला सरळ बनावट कागद म्हणतात, आणि उद्या दुसऱ्या वारसाने तक्रार केली तर त्यात घेणाऱ्याचंही नाव येतं.

समोरचे पर्याय

त्या दिवशी रात्री मी, भाऊ आणि मावशी बसून बोललो. सोडून द्यायची, हा माझा सल्ला होता. ५,००० गेले तर गेले, मिरजेतल्या गाडीला दहा हजार उसने घालायचे आणि विषय संपवायचा. भावाला ते पटत नव्हतं, एक तर ५,००० म्हणजे त्याच्या कितीतरी रात्रपाळ्या, आणि दुसरं म्हणजे त्याचा जीव त्या गाडीत अडकला होता, हे मी नाकारत नाही, जुन्या गाडीच्या बाबतीत असं होतंच.

एजंटचा पर्याय होता. ६,००० घेतो आणि सगळं करून देतो. तो आम्ही त्याच रात्री मोडीत काढला. कागद न करता तशीच वापरायची, असंही एक मित्र म्हणाला. लोक करतात हे. पण विम्याशिवाय, मुदत संपलेल्या आरसीवर, मेलेल्या माणसाच्या नावावरची गाडी रोज एमआयडीसीच्या ट्रकांमधून न्यायची, आणि उद्या कुणाला धडक बसली तर? अपघाताच्या भरपाईत आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जातो, सुप्रीम कोर्टाने २०१८ ला हे स्पष्ट केलंय. इथे ते नाव ज्याचं तो हयात नाही, म्हणजे एका बाजूला त्या विधवा बाईंच्या दारात नोटीस आणि दुसऱ्या बाजूला चालवणारा हा.

उरला तो पर्याय असा की कागद विकणाऱ्याने पूर्ण करायचे, तोवर गाडी त्याच्याकडेच राहील, किंमत कमी, आणि सगळं लेखी. मी याला होकार दिला पण मनापासून नाही.

काय केलं

मुलाशी बोलणं सोपं गेलं, अपेक्षेपेक्षा. वहीतले आकडे त्याच्यासमोर ठेवले. टायर, कोनसेट, बुश, इंजिनचं काम. ८५ वरून ६५,००० वर तो आला. ठरलं असं की वारसाची नोंद, रिन्यूअल, उशिराचा दंड आणि पर्यावरण कर हे सगळं तो करेल, स्वतःच्या नावावर आरसी आली की भाऊ उरलेले ६०,००० बँकेतून देईल आणि त्याच दिवशी २९-३० वर दोघं सह्या करतील. दोन महिन्यांत झालं नाही तर ५,००० परत. हे सगळं एका पानावर लिहून, गाडीचा, चासीचा, इंजिनचा नंबर टाकून, पेन्सिलचा छाप चिकटवून दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. आधी दिलेल्या ५,००० चा उल्लेखही त्यात केला.

त्याचा सरकारी खर्च सांगतो, कारण जुनी गाडी घेणारे हा कधीच धरत नाहीत. रिन्यूअलला उशीर केला की मोटरसायकलला महिन्याला ३०० रुपये, १९ महिन्यांचे ५,७०० झाले. रिन्यूअलची फी तेव्हा १,००० होती (ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटरसायकलला ती २,००० झालीये). पर्यावरण कर पाच वर्षांचा २,०००. म्हणजे नुसतेच ८,७००. आणि आता १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवीन एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेटही लागते, जीएसटीसह ५३१ रुपये, ती नसली की आरटीओतली कामं अडतात. शिवाय रिन्यूअलला गाडी आरटीओत तपासायला न्यावी लागते, तिथे लाईट, हॉर्न, ब्रेक, इंडिकेटर चालू लागतात. चिकटलेली वायरिंग घेऊन ते होणार नव्हतं, म्हणून मुलाला थोडं काम करून घ्यावंच लागलं.

भिंतीवरची खूण

वारस तिघं होते, मुलगा, त्याची लग्न झालेली बहीण आणि आई. बहिणीने संमती लगेच पाठवली. आईची सही प्रतिज्ञापत्रावर घ्यायची होती, तर मुलगा म्हणाला तुम्हीपण या, आईला तुम्हाला बघायचंय. गाडी विकायची ठरल्याचं तिला तेव्हाच कळलं होतं.

काकूंनी चहा दिला. भावाला विचारलं काय करतोस, कुठे राहतोस, घरी कोण कोण. मग त्या स्वतःहून बोलायला लागल्या. पुराच्या आदल्या दिवशी काकांनी गाडी जिन्याखाली साखळीने बांधली होती, म्हणाले एवढ्यापर्यंत काय पाणी येत नाही. त्याच रात्री होडीतून बाहेर निघावं लागलं. आठ दिवसांनी परत आले. बोलता बोलता त्या उठल्या, जिन्यापाशी गेल्या आणि भिंतीवर बोट ठेवलं. "इथवर हुतं बघ पाणी." नवीन चुन्याखालूनही ओलीची रेघ दिसत होती. काकूंच्या खांद्याच्या वर. त्या रेघेखाली बुलेट उभी केली तर हँडलसुद्धा दिसणार नाही.

मुलगा खाली मान घालून उभा होता. काकूंना कल्पनाच नव्हती की त्यांनी आत्ता काय सांगितलंय.

बाहेर आल्यावर भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. पुढचा निर्णय माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा निर्णय होता. खोटं बोलला म्हणून करार मोडायचा हक्क आमच्याकडे होता. भावाने मिस्त्रींना फोन लावला आणि एकच विचारलं, आठ दिवस पूर्ण पाण्यात म्हणजे जास्तीत जास्त किती? मिस्त्री म्हणाले क्रँक, मेन बेअरिंग, चाकांची बेअरिंग, पूर्ण वायरिंग धरून चला, तीस हजार लागतील, पस्तीसच्या वर जाणार नाही कारण त्याच्यापुढे खोलायला काही उरतच नाही. याला मी महत्त्व देतो. पुराची गाडी धोकादायक का, तर खर्चाचा तळ दिसत नाही म्हणून. इथे अनुभवी माणसाने तळ दाखवला. भावाने मुलाला स्पष्ट सांगितलं, ६५ मला जमणार नाही, ५६. मुलाने वाद घातला नाही.

निकाल

वारसाची नोंद आणि रिन्यूअल व्हायला सात आठवडे लागले, ठरलेल्या मुदतीच्या आत. मार्चच्या शेवटी बाकीचे ५१,००० बँकेतून दिले, फॉर्मवर सह्या झाल्या. विम्याचं १४ दिवसांत नाव बदलून घ्यायचं असतं, इथे भावाने नवीन थर्ड पार्टीच काढला, ३५० सीसीपर्यंत १,३६६ आणि वर जीएसटी, १,६१२ झाले.

इंजिन खोललं तेव्हा मीही गॅरेजमध्ये होतो. मिस्त्रींनी कनेक्टिंग रॉड काढून क्रँक पिन फडक्याने पुसली आणि माझ्या हातात दिली. दिसायला चकचकीत, पण नखाने ओढली तर बारीक बारीक खड्डे लागत होते, देवी आलेल्या तोंडासारखे. पाणी आत बसून गंज चढला, मग २०१९ ला कुणीतरी ऑईल बदलून तशीच चालू केली, गंज घासून गेला आणि खड्डे राहिले. तोच तो ठोका. बोअर (सिलिंडरचं भोक) आधीच मोठा करून ४० साईझला नेलेला होता, ६० ला न्यावा लागला, म्हणजे पुढच्या वेळी स्लीव्ह किंवा नवीन सिलिंडर.

हिशोब: गाडी ५६,०००, इंजिन २१,५००, वायरिंग ३,२००, चाकांची बेअरिंग, ब्रेक शू, कोनसेट, बुश मिळून ४,३००, दोन टायर ५,६००, विमा १,६१२. बेरीज ९२,२१२. ठरवलेल्या ९०,००० च्या वर गेलं आणि मिरजेच्या गाडीच्या ९५,००० पासून तीन हजारांवर येऊन थांबलं, त्यात आमच्या चकरा आणि बुडालेल्या सुट्ट्या धरलेल्या नाहीत. ती गाडी मात्र मे महिन्यात दुसऱ्या कुणीतरी घेतली.

काय वेगळं करता आलं असतं

इसार. संध्याकाळी, गरम इंजिनवर, पावतीशिवाय ५,००० दिले तिथेच पुढचं सगळं बांधलं गेलं. ते पैसे अडकले नसते तर गाळ बघितल्यावर भाऊसुद्धा उठून आला असता असं मला वाटतं. तो म्हणतो नसता आलो. यावर आमचं अजून एकमत नाही.

कागद आधी बघायला हवे होते, मिस्त्रीला नेण्याच्याही आधी. गाडीचा नंबर फोटोत दिसत होता, घरी बसून दोन मिनिटांत एम-परिवहनवर मुदत संपलेली कळली असती, आणि "पप्पांची गाडी" म्हटल्यावर पप्पा कुठे आहेत हा प्रश्न फोनवरच विचारायचा होता. आम्ही तो रविवारपर्यंत विचारला नाही.

सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, शिरोळ या पट्ट्यातली २०१९ च्या आधीची कुठलीही गाडी घेताना हेडलाईटचं डूम काढून बघा, एका स्क्रूचं काम आहे. विकणारा डूम काढू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. सीटखाली फोमच्या शिवणीत, एअर फिल्टरच्या डब्याच्या कोपऱ्यात, मागच्या लाईटच्या आत, अशा ठिकाणी बघा जिथे धुणाऱ्याचा हात पोचत नाही. ऑईलचा ड्रेन बोल्ट काढून ऑईल भांड्यात घेऊ द्या म्हणायला हवं होतं, तेही आम्ही संकोचाने केलं नाही. ऑईल नवीनच निघालं असतं कदाचित, पण बोल्टच्या टोकाला काय चिकटलंय ते दिसलं असतं. आणि गाडी जिथे उभी असायची ती जागा बघायला हवी होती. आम्ही दोनदा त्या दारात गेलो, जिन्याखाली वाकून भिंतीकडे एकदाही बघितलं नाही.

मुलाबद्दल लोक मला विचारतात, फसवलं ना त्याने? खोटं बोलला हे खरं. पण कागदाचा शब्द त्याने तंतोतंत पाळला, दंड स्वतः भरला, आरटीओत तीन वेळा रजा टाकून गेला. मी त्याला चोर म्हणणार नाही.

गाडी आता रोज कुपवाडला जाते. हेडलाईटच्या डोक्यातला एक जुना जोड मिस्त्रींनी तेव्हा पैसे वाचवायला तसाच ठेवला होता, जोराच्या पावसात तिथे शॉर्ट होऊन लाईट जाते. या वेळी मिरग लागायच्या आत तो बदलून घ्यायचा आहे, वायर आणून ठेवलीय.